ड्युअल बूट संगणक (महाविद्यालयीन वापर)

एकाच संगणकाच्या डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवून, यंत्र सुरू करताना त्यांतली एक निवडण्याची व्यवस्था. ‘द्विप्रणाली संगणक’ असा शब्द करता येतो. मुंबईतल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये मात्र ‘या मशीनवर ड्युअल बूट आहे का?’ असेच विचारले जाते. बहुतेक ठिकाणी जोडी विंडोज आणि लिनक्सची, लिनक्समध्येही उबुंटू या आवृत्तीची. एका वेळी एकच प्रणाली चालते आणि यंत्राची सगळी रॅम तिला मिळते. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका प्रणालीच्या आत दुसरी चालवली तर, दोन्ही एकदम चालतात खऱ्या, पण चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर त्या वाटणीत दोघींचेही हाल होतात.

मुंबईत ही पद्धत रुजायला जागेची टंचाई फार उपयोगी पडली. सकाळी बीएस्सी आयटीच्या मुलांना शेल स्क्रिप्ट (आज्ञांचे छोटे प्रोग्राम) लिहायच्या असतात, दुपारी त्याच खुर्च्यांवर बीकॉमची बॅच टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकायला बसते. टॅली विंडोजवर चालते, शेलची प्रात्यक्षिके लिनक्सवर होतात. दोन लॅब म्हणजे दोन खोल्या, आणि या शहरात खोलीइतके महाग काही नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडे राहतात, तशा एका डिस्कवर दोन प्रणाली नांदू लागल्या. शब्दसुद्धा तोच, पार्टिशन.

पैशाचाही हिशेब होता. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेले यंत्र घेतले की त्यात ऑपरेटिंग सिस्टीम येईलच असे नाही. विंडोजचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स फुकट वापरता येत होते, पण ते बसवणे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नव्हते. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आले आणि २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला त्याची सीडी टपालाने घरपोच, विनामूल्य मिळत होती. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ आणि ‘फॉसी’ या प्रकल्पांनी लिनक्स, सायलॅब (गणिती आकडेमोडीसाठी) यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण कॉलेजांपर्यंत नेले. स्पोकन ट्यूटोरियलचे कितीतरी पाठ मराठी आवाजातही आहेत.

बसवण्याचा क्रम ठरलेला : आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केले तर जुन्या पद्धतीच्या डिस्कवर विंडोज डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी वाचला जाणारा तुकडा, स्वतःच्या नावावर करून टाकते आणि लिनक्सकडे जाण्याची वाटच राहत नाही. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटचा. त्यातल्या पार्टिशनच्या तक्त्यात चारच मुख्य पार्टिशनांची जागा असते, आणि कंपनीकडून आलेल्या यंत्रात ती रिकव्हरी वगैरेंनी आधीच भरलेली सापडत. लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ हा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) या दारावर बसतो व दोन्ही प्रणालींची यादी दाखवतो. यूईएफआय (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) आणि जीपीटी (पार्टिशनांचा नवा तक्ता) आल्यावर चारची अडचण सुटली. मात्र २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूटचा, म्हणजे मान्य सही नसलेला प्रोग्राम सुरूच होऊ न देण्याचा, पहारा बसला. तेव्हापासून लिनक्सला मायक्रोसॉफ्टच्या सहीचा ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम पुढे करून आत यावे लागते. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका अपडेटने हा पहारा इतका कडक केला की अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईना.

रोजचे भांडण मात्र घड्याळावरून. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरून चालते. लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ समजते आणि भारतासाठी तीत साडेपाच तास मिळवते. म्हणजे विंडोजमध्ये सकाळचे दहा वाजलेले यंत्र लिनक्समध्ये उघडले, की पडद्यावर दुपारचे साडेतीन. इंटरनेटवरून वेळ जुळवून लिनक्सने घड्याळ ‘दुरुस्त’ केले, तर पुढच्या बॅचला विंडोजमध्ये पहाटेचे साडेचार दिसतात. मुलांच्या फायलींवर अजून न उजाडलेल्या वेळा पडतात आणि सबमिशनच्या दिवशी कोणी कोणाचे कॉपी केले याचा निवाडा करणे अशक्य होते. उपाय एका आज्ञेचा आहे, पण तीस यंत्रांवर तो करायचा असतो लॅब असिस्टंटला.

दुसरी कुरबुर समाईक कपाटाची, म्हणजे दोन्ही प्रणालींतून फायली ठेवण्याच्या पार्टिशनची. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे यंत्र बंद केले तरी विंडोज पुरते मिटत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्स त्या पार्टिशनला धक्का लावत नाही. फाइल वाचता येते, तीत काही लिहिता येत नाही. विद्यार्थ्याला वाटते, डिस्क बिघडली.

प्रणाली बदलली तरी सवयी बदलत नाहीत, हे टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (सी भाषेतला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करणाऱ्या साधनावर) वाढलेल्या पिढीने दाखवले. ‘कोनिओ डॉट एच’, पडदा पुसणारे ‘क्लिअरस्क्रीन’, शेवटी पडदा थांबवून धरणारे ‘गेटसीएच’ ही मंडळी लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये नाहीत. जर्नलमध्ये व्यवस्थित उतरवलेला, सरांची सही झालेला प्रोग्राम तिथे पहिल्याच ओळीला अडतो. सी प्लस प्लसमध्ये तर ‘व्हॉइड मेन’ही चालत नाही. खरे तर दोन प्रणाली शेजारी असण्याचा शैक्षणिक लाभ इथेच आहे : भाषा कोणती आणि त्या एका कंपायलरची लकब कोणती, हे मुलाला पहिल्यांदा कळते. कॉलेजच्या ऑफिसातली यंत्रे या प्रयोगापासून बहुधा दूर ठेवतात. जुनी मराठी पत्रे युनिकोड ही सर्व लिपींची समान संकेतपद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टांत टाइप केलेली असतात आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती अगम्य चिन्हांची रांग होऊन बसतात.

लॅबमध्ये कोणती प्रणाली खरोखर वापरली जाते, हे अभ्यासक्रमापेक्षा ग्रबच्या सेटिंगवर ठरते. यादी साधारण दहा सेकंद दिसते आणि कोणी काही दाबले नाही तर ठरवलेली प्रणाली आपोआप सुरू होते. बॅच जिना चढून येईपर्यंत ही दहा सेकंदे सरलेली असतात. लिनक्स आधी ठेवले तर टॅलीचे विद्यार्थी तक्रार करतात, विंडोज आधी ठेवले तर लिनक्स प्रात्यक्षिकाच्या तासापुरते उरते. शेवटची निवड लक्षात ठेवण्याची सोय ग्रबमध्ये आहे. ती लावली की आधीच्या बॅचची आवड पुढच्या बॅचच्या गळ्यात पडते.

२०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आणि शेल स्क्रिप्टपुरती ड्युअल बूटची गरज ओसरली. उलट बाजूने, विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते. ती नसलेल्या जुन्या यंत्रांवर नवी ताजी प्रणाली बसवायची तर लिनक्सच उरते. दोन बिऱ्हाडांतले एक असे निघून चालले आहे. टॅलीची बॅच कुठे बसवायची, हा प्रश्न मात्र पुन्हा खोलीपाशी येऊन थांबतो.