हिवाळ्यात मन का उतरतं : ग्वाल्हेरकरांसाठी थोडी पार्श्वभूमी

डिसेंबर संपत आला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काही करावंसंच वाटत नाही गं." लश्करातला जुना वाडा असो की सिटी सेंटरचा फ्लॅट, एकदा कोहरा पडला की दहा-अकरा वाजेपर्यंत सूर्याचा पत्ता नसतो, कधी तर सलग दोन-तीन दिवस नसतो, रजाईतून पाय बाहेर काढवत नाही, गजक आणि पराठे चालूच असतात आणि तरी अंगात जोर नाही. यावर घरातलं ठरलेलं उत्तर म्हणजे "थंडी आहे, सगळ्यांनाच होतं." बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण काहींना हे दरवर्षी होतं, दोन-तीन महिने राहतं, होळीच्या सुमारास आपोआप जातं, आणि तोपर्यंत त्या माणसाला घरात आळशी म्हणून मोकळे झालेले असतात. मला हा मोठा अन्याय वाटतो. म्हणून ही उदासी डॉक्टरांना आजार म्हणून केव्हा आणि कशी दिसली, आणि त्यातलं आपल्या गावाला काय लागू पडतं, ते जरा सविस्तर लिहितोय.

ऋतू बदलला की मन बदलतं हे ग्रीक वैद्यांना माहीत होतं. दुसऱ्या शतकातला अरेटियस तर सुस्त पडलेल्या रोग्यांना उजेडात, उन्हात झोपवा असं लिहून गेला. पण नंतरची कित्येक शतकं हे पुस्तकातच राहिलं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एस्किरोल नावाच्या मनोविकारतज्ज्ञाकडे दर हिवाळ्यात खचणारा एक रुग्ण आला, त्याला त्याने हिवाळ्यापुरतं इटलीला जा म्हणून सांगितलं. ज्याच्याकडे पैसा त्याचा उपाय झाला, बाकीच्यांचं काय?

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भिडते ती बेल्जिका जहाजाची हकीकत. 1898 मध्ये हे जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं, मे महिन्यात सूर्य मावळला तो दोन महिन्यांहून जास्त काळ उगवलाच नाही. माणसं पांढरीफटक पडली, झोप उडाली, कशात लक्ष लागेना, नाडी विचित्र चालू लागली, एक अधिकारी दगावला आणि काहींच्या डोक्यावर परिणाम झाला. जहाजावरचा डॉक्टर होता अमेरिकन फ्रेडरिक कुक. त्याने काय केलं, तर एकेकाला कपडे काढून पेटत्या शेगडीच्या अगदी समोर तासभर उभं केलं, ती धग आणि तो उजेड अंगावर घ्यायला लावला. सोबत पेंग्विनचं आणि सीलचं ताजं मांस खायला घातलं, जे कुणाला आवडत नव्हतं. लोक सावरले. आता यात मांसाचा वाटा किती आणि उजेडाचा किती हे वेगळं काढता येत नाही, कारण त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजारही झालेला होता आणि ताज्या मांसाने तो बरा होतो. पण सूर्य नाही म्हणून माणूस खचतोय हे ओळखून, हाताशी आहे त्यातून उजेड उभा करणारा डॉक्टर म्हणून कुक लक्षात राहतो.

पुढची गोष्ट एकदम अमेरिकेतली. 1958 मध्ये येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन वेगळं काढलं, अंधार पडला की शरीरात वाढतं ते हे रसायन. बरीच वर्षं समज असा होता की प्राण्यांचं मेलाटोनिन उजेडाने दबतं पण माणसाचं दबत नाही, आणि याचं कारण फार साधं निघालं : प्रयोगात वापरलेला उजेड खोलीतल्या दिव्याइतकाच होता. 1980 मध्ये आल्फ्रेड लुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2500 लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड वापरला आणि माणसाचं मेलाटोनिनही दबलं. म्हणजे झोपेची-जागेची वेळ ठरवणाऱ्या शरीराच्या घड्याळाला घरातला दिवा दिवसासारखा वाटतच नाही! सगळ्या विषयाची किल्ली मला तरी इथेच वाटते.

त्याच सुमारास एक इंजिनियर या संशोधकांकडे आला. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाचे चढउतार तो वह्यांमध्ये लिहीत होता आणि हिवाळ्यात आपण खाली जातो, वसंतात वर येतो हे त्याने स्वतःच हेरलं होतं. त्याला पहाटे आणि संध्याकाळी तीन-तीन तास झगझगीत उजेडात बसवलं, म्हणजे हिवाळ्याचा दिवस दोन्ही बाजूंनी ओढून लांब केला, आणि थोड्याच दिवसांत तो सुधारायला लागला. 1982 मध्ये हे छापून आलं. नॉर्मन रोझेंथल याच गटात होते, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, अमेरिकेत आल्यावर तिथल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच थकवा जाणवायचा. 1984 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 29 रुग्णांचं वर्णन करून या त्रासाला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव दिलं आणि 1987 पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याची नोंद आली.

त्या वर्णनातली एक गोष्ट घरोघरी माहीत व्हायला हवी. नेहमीच्या नैराश्यात बरेचदा झोप आणि भूक कमी होते, यात उलटं होतं. झोप वाढते, गोड आणि भात-पोळी-बटाटा खावासा वाटतो, वजन चढतं, हातपाय शिशासारखे जड होतात. चांगलं जेवतोय, दहा तास झोपतोय, याला कसलं डिप्रेशन, असं म्हणणारे इथेच चुकतात.

नंतर उजेडाच्या पेट्या, म्हणजे समोर ठेवून बसायचे झगझगीत दिवे आले, 10,000 लक्स, सकाळी साधारण अर्धा तास, हे माप रूढ झालं. मधेच 1998 मध्ये गुडघ्याच्या मागच्या त्वचेवर उजेड टाकला तरी शरीराचं घड्याळ सरकतं असा दावा गाजला, पण इतरांनी नीट तपासल्यावर 2002 मध्ये तो टिकला नाही. त्याच वर्षी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी सापडल्या, पाहण्यासाठी नाही, दिवस उजाडला एवढं मेंदूला कळवण्यासाठी. तेव्हा उजेड डोळ्यांतून जावा लागतो हे पक्कं झालं. (आपल्याकडे प्रत्येक थकव्याला 'विटामिन डी ची कमी' म्हणतात, तर तो वेगळा मार्ग आहे, त्वचेतून जाणारा. कमी असेल तर गोळी जरूर घ्या, पण गोळी खाऊन पडदे लावून बसलं तर घड्याळाला सकाळ कळत नाही.)

वादही झाले आणि ते सांगायलाच हवेत. 2016 मध्ये अमेरिकेतल्या 34 हजारांवर लोकांच्या पाहणीचा आकडा तपासून काही मानसशास्त्रज्ञांनी लिहिलं की नैराश्याचा ऋतूशी किंवा उत्तर-दक्षिणेशी संबंध दिसत नाही. माझं मत विचाराल तर हजारो लोकांची सरासरी काढली की थोड्यांचा खरा त्रास त्यात विरून जातो, पण प्रत्येक हिवाळी कंटाळ्याला आजार म्हणू नये हा त्यांचा इशारा रास्त आहे. आणखी एक अभ्यास आहे मानसशास्त्रज्ञ केली (Kelly) रोहन यांचा, 177 लोकांवर. निम्म्यांना उजेड, निम्म्यांना बोलून करायची थेरपी, म्हणजे 'हिवाळा आला, आता मी संपलो' हा विचार तपासायचा आणि ठरवून काहीतरी करत राहायचं. त्या हिवाळ्यात दोन्हीचा गुण सारखाच. पण त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात उजेडवाल्यांपैकी साधारण 46 टक्के लोकांना पुन्हा त्रास, थेरपीवाल्यांपैकी 27 टक्के.

आता आपल्याकडे या. आयुर्वेदात हेमंत-शिशिर हा सगळ्यात ताकदीचा काळ मानलाय, अग्नी प्रबळ, भरपूर खा, अंगाला तेल लावा, ऊन घ्या. थंडी म्हणजे तब्येत कमवायचा सीझन हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की थंडीत खचणारा माणूस आपल्याला दिसतच नाही असं मला वाटतं. आणि दक्षिणेकडच्या बहुतेक मराठी मुलखात थंडीत लख्ख ऊन असतं, तिथे हे शोभतंही. पण 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ ठोकला, लश्कर वसलं, आणि आपली माणसं जिथे आली ती जागा 26 अंश उत्तरेची. तसं डिसेंबरचा सगळ्यात छोटा दिवसही इथे साडेदहा तासांचा असतो, ऑस्लोला तो सहा तासांच्याही आत, त्यामुळे घड्याळाच्या हिशेबाने आपल्याला तक्रार करायला जागा नाही. खाऊन टाकतो तो कोहरा. वारा पडलेला, जमिनीत ओल, हवेत धूर आणि धूळ, वर गरम हवेचं झाकण, आणि अख्ख्या उत्तरेच्या मैदानावर पसरलेली ती चादर चंबळ ओलांडून आपल्यावर येते. सकाळचाच उजेड जातो, आणि घड्याळाला नेमका तोच हवा असतो.

आपल्या जुन्या घरांत याची भरपाई नकळत होत होती. धुंधुरमास घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, निदान एक दिवस तरी, सूर्य उगवताना नैवेद्य आणि लगेच जेवण, मुगाची गरम खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भरीत. त्यासाठी घरातल्या बायका काळोखात उठायच्या आणि बाकीच्यांनाही पहाटेच उठून आंघोळ करून पाटावर बसावं लागायचं. मग भोगी, न खाई भोगी तो सदा रोगी. मग रथसप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालायचं, तेही उन्हात. हे कुणी नैराश्यासाठी काढलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण वाड्यांना मधे चौक होता, वर गच्ची होती, आणि कोहरा फाटला रे फाटला की आजी, आत्या, काकू चटई आणि मटारची परात घेऊन वर, चार वाजेपर्यंत सोलणं, विणणं, बोलणं. उजेड मिळायचा आणि माणसंही मिळायची. फ्लॅटमध्ये गच्चीला कुलूप आहे आणि मटार सोललेला पाकिटात येतो.

त्यामुळे करायचं काय ते फार अवघड नाही. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीलाही. कोहरा असला तरी बाहेर पडा, कारण दाट ढगाळ दिवशीही बाहेर हजार ते दहा हजार लक्स असतात आणि ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते पाचशे, सूर्य दिसत नसला म्हणून उजेड नाही असं नसतं. (सूर्याकडे टक लावून मात्र बघू नका.) घरात खिडकीच्या अगदी जवळ बसा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, दरवर्षी कुठे ना कुठे जीव जातात. ग्वाल्हेरचा मेळा चालू असतो, 1905 पासून भरतोय, मन नसलं तरी कुणाबरोबर तरी एक फेरी मारा, ठरवून करत राहणं म्हणजे हेच. दरवर्षीचा त्रास असेल तर नोव्हेंबरातच सुरुवात करा, मन पूर्ण उतरायची वाट बघू नका. उजेडाची पेटी घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः डोळ्यांचा आजार असेल किंवा कधी मन अति चढून जायचा त्रास झाला असेल तर, कारण अशा माणसाचं मन जास्त उजेडाने पुन्हा चढू शकतं.

आणि पंधरा दिवसांवर सलग खिन्नता असेल, कामं अडायला लागली असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर मग उन्हाची, होळीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. ते लगेच जमण्यासारखं नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालते, आणि घरातल्या कुणी त्या माणसाच्या शेजारी बसून नंबर लावून दिला तरी चालतो.