रिव्हन दोन आहेत: रीमास्टर आणि रीमेक यांत गल्लत नको

‘रिव्हन’ हा कोड्यांचा कॉम्प्युटर गेम विकत घ्यायला गेलं की ऑनलाइन दुकानात दोन गेम समोर येतात. नाव तेच, बनवणारी सायन ही कंपनी तीच, गोष्टही तीच. एक १९९७ चा, दुसरा २०२४ चा. बहुतेक जण नवा म्हणजे जुन्याचंच चकचकीत रूप असं धरून चालतात आणि पैसे भरून मोकळे होतात. घोळ इथेच होतो. २०२४ चा रिव्हन हा जुन्याचा रीमास्टर, म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेली प्रत, नाही; तो रीमेक, म्हणजे नव्याने बांधलेला गेम आहे. मारामारीच्या किंवा गाड्यांच्या गेममध्ये हा फरक फारसा आडवा येत नाही. कोड्यांच्या गेममध्ये मात्र तो पावलोपावली आडवा येतो.

याचं कारण साधं आहे. गाडी पळवायच्या गेममध्ये रस्ता बदलला तरी हाताला बसलेली सवय कामी येते. कोड्यांच्या गेममध्ये तुमच्या हाताशी सवय नसते, माहिती असते. सायनचाच १९९३ चा ‘मिस्ट’ घ्या. हा रिव्हनच्या आधीचा भाग. त्यात बंदूक नाही, पॉइंट नाहीत, मरण्याची भीती जवळपास नाहीच. निर्मनुष्य बेटावर तुम्ही एकटे, आणि जे काही दिसतं ते तुमच्याच डोळ्यांनी. शेवटाला लागणारी एक-दोन गुपितं आधीच ठाऊक असतील तर तो अख्खा गेम काही मिनिटांत संपतो. ठाऊक नसतील तर आठवडे जातात. म्हणजे माहिती हीच किल्ली. आता निर्मात्यांनी कुलूपच बदललं तर जुनी किल्ली काय कामाची?

रीमास्टरमध्ये कुलूप बदलत नाही. चित्र स्वच्छ होतं, रंग वाढतात, आवाज सुधारतो, नव्या कॉम्प्युटरवर चालेल अशी सोय होते. मिस्टची २००० साली आलेली ‘मास्टरपीस एडिशन’ या जातीची. मूळ गेम २५६ रंगांत बसवलेला होता. या आवृत्तीत तीच चित्रं लाखो रंगांत पुन्हा काढली. बेट तेच, खटके तेच, उत्तरं तीच. अलीकडचं उदाहरण ‘पोर्टल’ या दुसऱ्या एका कोड्यांच्या गेमचं. २००७ च्या या गेमवर २०२२ साली ‘पोर्टल विथ आरटीएक्स’ आला. भिंतींवरचा उजेड, सावल्या, काचेतली प्रतिबिंबं सगळी नव्याने. पण खोल्या आणि त्यांतली कोडी जशीच्या तशी. ज्यांच्याकडे मूळ पोर्टल होता त्यांना तो फुकट मिळाला. जुना पोर्टल सोडवलेला माणूस त्यात डोळे मिटून पुढे जाईल.

रीमेक म्हणजे पाया खणण्यापासून पुन्हा बांधकाम. आणि रिव्हनमध्ये नेमकं काय पुन्हा बांधावं लागलं ते कळायला जुना रिव्हन कसा चालायचा ते आधी बघायला हवं.

१९९७ च्या ऑक्टोबरअखेर तो पाच सीडींवर आला. तो घडवला रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी, आणि त्यांच्या जोडीला रिचर्ड व्हँडर वेंड. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरची एवढं बारीक जग जागच्या जागी रेखाटायची ताकदच नव्हती. म्हणून त्यांनी महागड्या मशीनवर एकेक चित्र आधीच तयार केलं आणि सीडीवर भरलं. स्क्रीनवर दिसतं ते स्थिर चित्र. पुढे जायचं तर क्लिक करायचं, की पुढचं चित्र येतं. मान वळवायची तरी क्लिक. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला रुळावरून पळणारी एक झोकदार गाडी आहे. तिचा प्रवास संपता संपता सीडी बदलायची सूचना यायची.

साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच समजेल. तिचे फोटो बघणं वेगळं आणि पायऱ्या उतरून आत जाणं वेगळं. फोटो कुठे उभं राहून काढायचा, त्यात कुठली कमान घ्यायची, काय बाहेर ठेवायचं हे फोटो काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. तुम्ही आत उतरलात की तो हुकूम संपतो. मग तुम्ही वाकून बघता, मागे वळता, दोन विहिरींच्या मधल्या त्या महालातून खाली डोकावता. जुना रिव्हन हा असा हजारो फोटोंचा संच आहे. २०२४ चा रिव्हन म्हणजे पायऱ्या उतरणं. तो अनरियल इंजिन ५ या गेम बांधायच्या सॉफ्टवेअरवर बांधलाय, तुम्ही हवं तिथे चालता, हवं तिकडे बघता, आणि हवं असेल तर डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट लावूनही खेळता.

याचा कोड्यांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. फार जवळचा आहे. जुन्या रिव्हनमधली एक चलाखी सांगतो (ज्यांना काहीच कळू द्यायचं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा). तुम्ही दार उघडून आत जाता, सरळ चालत राहता आणि पुढे वाट खुंटते. खरी वाट असते उघडलेल्या दाराच्या पल्ल्यामागे. आत आल्यावर मागे वळून दार लोटलं तरच ती दिसते. स्थिर चित्रांच्या जगात मागे वळायला मुद्दाम क्लिक करावं लागतं, म्हणून हजारो लोक या जागी अडकले. मोकळेपणी चालता येणाऱ्या जगात माणूस सहज मान वळवतो. तीच चलाखी तशीच ठेवली तर तिचा दम गेला. शिवाय जुन्या चित्रकाराला ठाऊक असायचं की खेळणारा नेमका या ठिकाणी उभा राहून नेमकं एवढंच बघणार आहे. तो खूण तिथेच ठेवायचा. आता खेळणारा कुठेही उभा असू शकतो. त्यामुळे खुणा कुठे ठेवायच्या, कशा ठेवायच्या हा सगळाच विचार नव्याने करावा लागतो.

सायनने तो केला. २५ जून २०२४ ला आलेल्या रिव्हनमध्ये कितीतरी कोडी बदललेली आहेत, काही जागा नव्या आहेत, आणि बेटांवरच्या प्राण्यांभोवती गुंफलेलं जुनं प्रसिद्ध कोडं आता वेगळ्याच रीतीने सुटतं. माणसंही बदलली. जुन्यात खरे नट कॅमेऱ्यासमोर उभे राहून व्हिडिओ केलेला होता. नव्यात थ्रीडी पात्रं आहेत. खलनायक गेनचं काम करणारे जॉन केस्टन यांचं २०२२ साली निधन झालं, पण त्यांचा जुना आवाज नव्या गेममध्ये ठेवलाय. ही गोष्ट मला फार आवडली. तो आवाज दुसऱ्या कुणाला देऊन गेन उभाच राहिला नसता.

या रीमेकला आणखी एक पूर्वपीठिका आहे. मूळ गेमच्या चाहत्यांचा एक गट ‘स्टारी एक्स्पान्स’ या नावाने कित्येक वर्षं रिव्हन मोकळ्या थ्रीडीत पुन्हा बांधायला झटत होता, पदरचा वेळ घालून. शेवटी त्यांची आणि सायनची वाट एक झाली. व्हँडर वेंडही या कामात पुन्हा सामील झाले. म्हणजे कोडी बदलली ती परक्या माणसांनी नव्हे. ज्यांनी मूळ कुलूप घडवलं त्यांचाच हात नव्यावरही आहे, आणि तो खेळताना कळतो.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. तो सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागेत खोली करून राहतो. त्याने नवा रिव्हन घेतला, दोन दिवस मजेत फिरला आणि एका दारापाशी अडला. रात्री साडेअकराला फोन. “मामा, व्हिडिओत तो माणूस डोळ्यांचे लाकडी गोळे फिरवतोय, प्राण्यांचे आवाज ऐकतोय. माझ्यात ते गोळेच नाहीत. बग असेल का?” त्याने शोधलेला वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते दाखवणारा व्हिडिओ, जुन्या गेमचा होता. शीर्षकात नुसतं ‘रिव्हन’, छोट्या चित्रात तोच सोनेरी घुमट. मी त्याला म्हटलं, “अरे, बग नाही. तू एका परीक्षेला दुसऱ्या पेपरची उत्तरं घेऊन बसलायस.” त्याला खरा राग कशाचा आला माहीत आहे? उत्तर मिळालं नाही याचा नव्हे. त्या व्हिडिओने त्याला जुन्या गेमचं सगळ्यात सुंदर कोडं फुकटात फोडून दाखवलं, आणि ते त्याला आता कधीच स्वतः सोडवता येणार नाही, याचा. त्याचा राग रास्त होता.

कोडी गोष्टीपासून सुटी काढता येत नाहीत, हे रिव्हनचं मोठेपण आहे आणि ते दोन्हीत टिकलंय. जुन्यातलं एकच उदाहरण देतो. जंगलाच्या बेटावर मुलांची एक छोटी शाळा आहे. तिथे एक लाकडी खेळणं: दोन बाजूंना दोन टांगलेले माणूसबाहुले, खाली जबडा उघडलेला समुद्री प्राणी. दांडा फिरवला की एक अनोळखी चिन्ह समोर येतं आणि एक बाहुला खट्-खट् करत तेवढ्या घरांनी जबड्याकडे सरकतो. किती खट् झाले ते मोजलं की चिन्हाची किंमत कळते. थोड्या वेळाने लक्षात येतं, की एकचं चिन्ह पाव वळण फिरवलं की पाच होतात, आणि पाचाच्या चिन्हात एकचं चिन्ह मिसळलं की सहा. वहीत चार ओळी लिहिल्या की दहापर्यंतचे अंक तर मिळतातच, खेळण्याने न दाखवलेले पुढचे अंकही आपले आपण मांडता येतात. पण तेवढ्यावर थांबत नाही. माणूस राक्षसाच्या तोंडी जातोय हे बघत बघत इथली पोरं मोजायला शिकतात! गेन नावाचा इसम या लोकांवर राज्य कसं करतो हे सांगायला मग भाषण लागत नाही.

सगळेच रीमेक कोडी बदलतात असं नाही, आणि म्हणूनच दुकानातल्या पाटीवर विसंबून चालत नाही. २००० सालचाच ‘रिअलमिस्ट’ बघा. मिस्टचं बेट त्यात पहिल्यांदा मोकळं चालता येण्यासारखं झालं, म्हणजे बांधकाम नवं. पण जुनी कोडी तशीच, वर बर्फाचा एक नवा प्रदेश जोडलेला. म्हणजे एकाच वर्षी मिस्टचा एक रीमास्टर आणि एक रीमेक! २०२१ मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या मिस्टमध्ये तर कोड्यांची उत्तरं बदलून घ्यायची सोय आहे. ती सुरू केली तर जुन्या वहीतले आकडे लागू पडत नाहीत, बंद ठेवली तर पडतात. ‘द टॅलोस प्रिन्सिपल’ हा २०१४ चा, कोड्यांच्या बागांमधून फिरवणारा गेम एप्रिल २०२५ मध्ये ‘रीअवेकन्ड’ नावाने आला. त्यालाही नवं इंजिन, पण जुनी कोडी राखून वर नवा भाग दिलेला. म्हणून मी तरी नाव काय लावलंय ते बघत नाही. कोडी तीच आहेत का, एवढंच विचारतो. त्याचं उत्तर निर्मात्यांच्या घोषणेत बहुतेक वेळा पहिल्या दोन परिच्छेदांत सापडतं.

मग कुठला घ्यायचा? पहिल्यांदाच खेळणार असाल आणि बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर २०२४ चा. त्या जगात पाय रोवून उभं राहण्याचा अनुभव जुना देऊ शकत नाही, आणि चित्रातली कुठली जागा क्लिक होते हे माउस फिरवून शोधायची कटकटही नाही. पण ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल, किंवा जावळीतल्या एखाद्या गावात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करायचं असेल, तर जुना घ्या आणि कमी काहीतरी घेतलं असं मनात आणू नका. पाच सीडींत मावणारा गेम तो. आजच्या मानाने हलका. ‘स्कमव्हीएम’ या फुकट प्रोग्रॅममधून तो आजच्या मशीनवर व्यवस्थित चालतो. त्याची चित्रं आजही इतकी नेटकी आहेत की एकेका चित्रासमोर थांबावंसं वाटतं, आणि चित्र हलत नाही म्हणून थांबता येतं.

ज्यांनी जुना सोडवलाय त्यांनी नवा जरूर खेळावा. ओळखीच्या गावात जाऊन वाट चुकण्याची मजा दुसऱ्या कुठल्या गेमने मला दिलेली नाही. उलट बाजूने, नवा आधी खेळलात तरी जुना शिळा होत नाही, कारण त्याची बरीच कुलूपं अजून तुमच्यासाठी बंद आहेत. गोष्टीचा शेवट तेवढा ठाऊक झालेला असतो.

दोन्हीत मराठी उपशीर्षकं नाहीत. गेममध्ये सापडणाऱ्या पात्रांच्या डायऱ्या इंग्रजीत आहेत आणि त्या वाचल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, तेव्हा शाळेतल्या मुलांसोबत मोठ्यांनी बसावं. वही-पेन दोन्हीला लागतं. जुन्यात घुमटाच्या कुलपाचे आकडे प्रत्येक नव्या डावाला बदलतात, त्यामुळे मित्राची वही मागून आणली तरी ते आकडे जुळणार नाहीत. अंक वाचायला शिकावंच लागतं. वॉकथ्रू शोधायचाच असेल तर गेमच्या नावापुढे वर्ष लिहा, आणि पूर्ण उत्तराऐवजी नुसता इशारा देणारं पान निवडा.

मशीनला नवा झेपेल की नाही अशी शंका असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर तिथे पैसे परत मागता येतात. सुरुवातीच्या बेटावर अर्धा तास फिरलं तरी लॅपटॉप किती तापतो आणि चित्र अडकतं का ते समजतं. फक्त त्या अर्ध्या तासात घड्याळाकडे लक्ष ठेवा, कारण तिथल्या फिरत्या पाचकोनी खोलीत शिरलात की दोन तास कधी उलटले ते कळत नाही.