मोकळा आवाज (गायन)

गाताना घसा, जिभेचे मूळ, जबडा आणि मान यांतला अनावश्यक ताण सुटल्यावर जो आवाज निघतो, त्याला मोकळा किंवा खुला आवाज म्हणतात. ताण सगळाच वाईट नसतो. स्वर वर चढायचा तर स्वरतंतू ताणले जावेच लागतात. काळी एक पट्टीत (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ मानून) गाणाऱ्या पुरुषाच्या मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या सप्तकातल्या ‘सा’ला, ते सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, त्याच्या दुप्पट. हे काम स्वरयंत्राच्या लहान स्नायूंचे असते. परंतु वरचा स्वर गाठता येईल की नाही अशी धास्ती वाटली, की एरवी गिळताना लागणारे गळ्याचे स्नायूही मध्ये पडतात, स्वरयंत्र वर खेचले जाते, हनुवटी उचलली जाते आणि आवाज चिरका होतो.

या दोषाची ओळख जुनी आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात गायकाचे २५ दोष सांगितले. त्यांत दात आवळून गाणारा ‘संदष्ट’ आहे, कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगवणारा ‘झोंबक’ आहे, आणि भोपळ्यासारखा गळा फुगवणारा ‘तुंबकी’ही आहे. मैफलीत पुढे बसणाऱ्याला यांपैकी एखादा आजही भेटतो. अलीकडच्या काळात गायक आणि संगीतशिक्षक प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) आणि संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी आवाज-साधनेचा शास्त्रीय अंगाने विचार केला.

‘घसा सैल सोड’ असे सांगून घसा सुटत नाही. ते ऐकताच शिष्य घशाकडेच लक्ष देऊ लागतो आणि घसा अधिकच आवळतो. म्हणून वाट आडून काढावी लागते. खर्जात (खालच्या सप्तकात), तानपुऱ्याच्या सुरात, जोर न लावता लांब आकार, म्हणजे ‘आ’ असा स्वर, लावणे हा त्यातला जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय होय. हनुवटीखालच्या मऊ भागाला अंगठा लावून आकार लावला, तर जिभेचे मूळ कुठल्या स्वराला कडक होते ते बोटालाच कळते. तिथून दोन स्वर खाली येऊन पुन्हा हळूच चढायचे असते.

ताण सुटू लागला, की गाणाऱ्याला आपला आवाज सुरुवातीला लहान झाल्यासारखा वाटतो, कारण घशात जाणवणारा जोर म्हणजेच आवाज, अशी त्याची सवय झालेली असते. समोर बसलेल्या गुरूला तोच आवाज अधिक गोल आणि लांब पोचणारा ऐकू येतो. त्यामुळे या टप्प्यावर शिष्याने स्वतःच्या कानापेक्षा गुरूच्या कानावर भिस्त ठेवायची असते.