मोठा एच आणि छोटा एच: नॉर्मल सबग्रुप म्हणजे अबेलियन सबग्रुप नाही ओ

सोलापुरात सात रस्त्याजवळ मी टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) पोरांना अल्जिब्रा शिकवते, आणि दरवर्षी वहीत तीच ओळ सापडते: 'एच नॉर्मल आहे, म्हणून जीएच बरोबर एचजी, म्हणून एच अबेलियन.' लाल पेनने खोडून खोडून हात दुखला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

ग्रुप म्हणजे एलिमेंटचा असा गठ्ठा, ज्यात दोन एलिमेंट गुणले की उत्तर आतच राहतं आणि प्रत्येकाचं उलटं करणारा एलिमेंटही आतच असतो; सबग्रुप म्हणजे त्याच्या आतला छोटा ग्रुप. अबेलियन तुम्हाला येतंच. कुठलेही दोन एलिमेंट घ्या, क्रम उलटा केला तरी उत्तर तेच. यावर वेळ घालवत नाही.

घोळ होतो तो नॉर्मलमध्ये, कारण 'जीएच बरोबर एचजी' यातला जी म्हणजे ग्रुपमधला कुठलाही एक एलिमेंट, पण एच मोठा आहे, म्हणजे अख्खा गठ्ठा, आणि पोरं तो छोटा एच, म्हणजे गठ्ठ्यातला एक एलिमेंट, म्हणून वाचतात. गठ्ठा डावीकडून गुणला काय न् उजवीकडून गुणला काय, शेवटी तोच गठ्ठा मिळाला पाहिजे, एवढंच नॉर्मल मागतं. आतले एलिमेंट जागा बदलतील, बदलू देत.

घरातला चौकोनी नॅपकिन घ्या. सोलापुरात तो कुणाच्याही कपाटात मिळेल. चादर मात्र नको, ती लांबट असते, तिच्या चारही सिमेट्री (फिरवून-पलटून परत त्याच जागेत बसवायच्या पद्धती) एकमेकींशी कम्यूट होतात, म्हणजे क्रम बदलला तरी उत्तर तेच, आणि खरी अडचण दिसतच नाही. नॅपकिनच्या सिमेट्री आठ. वर डावीकडून सुरू करून घड्याळाच्या दिशेने कोपऱ्यांवर अ, ब, क, ड लिहा, मागच्या बाजूनेसुद्धा. आता नव्वद अंश घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग पुस्तकाचं पान उलटतो तसा डावीकडून उजवीकडे पलटा. 'अ' वर डावीकडे आला. परत पहिल्यासारखा ठेवा, आधी पलटा आणि मग फिरवा. 'अ' खाली उजवीकडे गेला. म्हणजे फिरवणं आणि पलटणं कम्यूट होत नाही.

तरीपण फिरवण्यांचा चार एलिमेंटचा सबग्रुप नॉर्मल आहे! कारण 'फिरवून पलटणं' म्हणजेच 'पलटून उलट्या दिशेने फिरवणं', करून बघा की. घड्याळाच्या दिशेचं फिरवणं बदलून उलट्या दिशेचं झालं, पण राहिलं फिरवणंच, गठ्ठ्याच्या बाहेर गेलं नाही. माझ्या मते व्याख्यासुद्धा अशीच शिकवावी: जी, छोटा एच, जी-इन्व्हर्स (जी उलटवणारा एलिमेंट) असा गुणाकार केला की उत्तर परत मोठ्या एचमध्येच पडलं पाहिजे. जीएच-एचजी वाली ओळ नंतर द्यावी, पहिल्याच दिवशी ती फळ्यावर आली की गोंधळ पक्का बसतो.

आता उलटं उदाहरण. 'काही न करणं' आणि 'डावं-उजवं पलटणं', हा दोन एलिमेंटचा सबग्रुप अबेलियन आहे, दोनच आहेत, भांडणार कोण. पण नॉर्मल नाही. याचे कोसेट (अख्खा सबग्रुप एकेका एलिमेंटने गुणून मिळणारे गठ्ठे) घेऊन कोशंट ग्रुप, म्हणजे ते गठ्ठेच एलिमेंट मानलेला ग्रुप, करायला जा, 'काही न करणं, पलटणं' हा एक गठ्ठा आणि 'फिरवणं, फिरवून पलटणं' हा दुसरा. पहिल्यातून 'काही न करणं' उचलून त्यानंतर फिरवलं तर उत्तर दुसऱ्या गठ्ठ्यात येतं, पण पहिल्यातून 'पलटणं' उचलून मग फिरवलं तर 'अ' खाली उजवीकडे जातो, ते दुसऱ्या गठ्ठ्यात नाहीच. कोण उचललं यावर उत्तर बदलतंय, मग गठ्ठ्यांचा गुणाकार करायचा कसा? नॉर्मलची गरज इथेच पडते. फिरवण्यांच्या सबग्रुपला हा त्रास नाही, तिथे 'न पलटलेले' आणि 'पलटलेले' असे दोनच गठ्ठे, पलटलेल्यावर पलटलेलं केलं की कायम न पलटलेलं.

फ्रेंच गणिती गॅल्वाने २९ मे १८३२ च्या रात्री मित्राला लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा आहे: ग्रुपचे डावे आणि उजवे तुकडे कधी जुळतात. दोनच दिवसांनी तो विसाव्या वर्षी गेला, आणि त्याचं काम लिउव्हिल या गणितज्ञाने छापलं ते १८४६ मध्ये.

ग्रुपच अबेलियन असेल तर त्याचा प्रत्येक सबग्रुप नॉर्मल, हे सोपं आहे. उलटं मात्र खरं नाही, आठ एलिमेंटच्या क्वाटर्नियन ग्रुपमध्ये सगळे सबग्रुप नॉर्मल आहेत पण त्यातले आय आणि जे हे दोन एलिमेंट गुणले तर आय-जे आणि जे-आय वेगळे येतात.

आणि शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगते, पूर्णांक आणि त्यात पाचच्या पटी हे एकच उदाहरण देऊन नॉर्मलचा धडा संपवू नका. तिथे सगळंच कम्यूट होतं, पोराला मोठा एच आणि छोटा एच यातला फरक दिसणार कुठून? पहिल्याच तासाला नॅपकिन न्या.