घरभेदी सापडत का नाही?

वीस जण एका महालात राहायला येतात. त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, सूत्रसंचालक मागून फिरतो आणि तिघांच्या खांद्याला गुपचूप हात लावतो. हे तिघे गद्दार, उरलेले सतरा निष्पाप. रात्री गद्दार मिळून एका निष्पापाचा ‘खून’ करतात, म्हणजे त्याला खेळातून काढतात. दिवसा सगळे गोल टेबलाभोवती बसून वाद घालतात आणि मतदानाने एकाला बाहेर घालवतात. शेवटपर्यंत एक जरी गद्दार टिकला, तरी बक्षिसाची रक्कम गद्दारांच्या खिशात. २०२५ च्या जूनमध्ये प्राइम व्हिडिओवर आलेल्या ‘द ट्रेटर्स’चा हा साचा. करण जोहर सूत्रसंचालक, महाल जैसलमेरचा सूर्यगढ, मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा, २०२१ चा.

त्याहून जुना कार्यक्रम बेल्जियमचा, ‘डे मोल’, १९९८ चा. तिथे घरभेदी एकच, आणि तो निर्मात्यांनीच पेरलेला. सगळ्यांनी मिळून कामगिरी फत्ते केली की बक्षिसाच्या गल्ल्यात पैसे पडतात. घरभेद्याने ती कामगिरी बिघडवायची, पण अंगाला काही लागू द्यायचं नाही. मात्र इथे मतदान नसतं. प्रत्येकाला घरभेद्याविषयी एक प्रश्नपत्रिका सोडवावी लागते: तो पुरुष की बाई, अमुक कामगिरीत तो कोणत्या गटात होता, असले प्रश्न. ज्याचं घरभेद्याबद्दलचं ज्ञान सगळ्यांत कच्चं, तो घरी जातो. हा फरक किरकोळ वाटेल. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

माझी भाची लातूरला नीटची तयारी करते. मेसचं जेवण झालं की होस्टेलवर नऊ जणी चिठ्ठ्या टाकून हाच खेळ खेळतात. त्याला ‘माफिया’ म्हणतात. दिवाळीत आली तेव्हा तिचं एकच गाऱ्हाणं होतं. ‘मामा, आम्ही दरवेळी भलत्याच पोरीला काढायलोत. खोटं बोलणारा नजर चोरतो म्हणतात, अन् आमची माफिया तर डोळ्यांत डोळे घालून आईची शपथ खाती!’

तिच्या ‘म्हणतात’ला जगभराचा पाठिंबा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ७५ देशांतल्या लोकांना ४३ भाषांत विचारलं होतं की खोटारडा कसा ओळखावा. सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं, तो नजर चुकवतो. अडचण एवढीच की प्रत्यक्ष मोजमाप केलं तर नजर चुकवणं आणि खोटं बोलणं यांचा जवळजवळ काही संबंध सापडत नाही. आपल्याकडे तर थोरामोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे चांगलं वळणच समजतात.

त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र केले. परीक्षक होते २४ हजारांहून अधिक. समोरच्याचं बोलणं ऐकून ‘खरं’ की ‘खोटं’ एवढंच सांगायचं होतं. उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. त्यातही लोकांनी खऱ्यातलं ६१ टक्के खरं म्हणून ओळखलं, पण खोट्यातलं फक्त ४७ टक्के खोटं म्हणून.

हे आकडे त्या महालात नेऊन बघा. तीन गद्दारांपैकी ४७ टक्के, म्हणजे सरासरी १.४ जण, आपल्याला खोटे वाटणार. सतरा निष्पापांपैकी ३९ टक्के, म्हणजे ६.६ जणही खोटेच वाटणार. एकूण संशयित झाले आठ, आणि त्यांत खरा गद्दार जेमतेम दीड. आपण बोट दाखवलेला माणूस गद्दार असण्याची शक्यता साडेसतरा टक्के! डोळे मिटून कुणाचंही नाव घेतलं असतं तरी ती १५ टक्के होतीच. तासभर टेबलावर मुठी आपटून झालेली कमाई ही एवढी. चोर सोडून संन्याशाला फाशी का होते, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे: संन्यासी संख्येने जास्त असतात.

उरलेलं निम्मं मनात आहे. चोराच्या मनात चांदणं, असं आपण म्हणतो. आपलं गुपित कपाळावर लिहिलंय आणि सगळ्यांना ते वाचता येतंय, असं गुन्हेगाराला वाटत राहतं. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे प्रयोगात तपासलं. खोटं बोलणाऱ्यांना आपण जितके उघडे पडलो असं वाटत होतं, त्यापेक्षा फार कमी लोकांनी त्यांना ओळखलं होतं. चांदणं फक्त आतच पडलेलं असतं. उलट ज्याच्यावर आळ येतो तो निष्पाप माणूस घामाघूम होतो, आवाज चढवतो, दोनदा तेच सांगतो. पॉलिग्राफ यंत्राचीही हीच गोची आहे. ते नाडी, श्वास, रक्तदाब आणि घाम मोजतं. खोटेपणा मोजायची सुई त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात संमतीशिवाय ही चाचणी करायला मनाई केली, त्यात तिच्या विश्वासार्हतेचाही विचार झाला होता.

मग माणूस इतका भोळा का राहिला? अमेरिकेतले संशोधक टिमोथी लेव्हिन यांचं उत्तर मला पटतं: विश्वास ठेवणं ही आपली मूळ स्थिती आहे, आणि ती फायद्याची आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक हजार अमेरिकनांना गेल्या चोवीस तासांतली खोटी बोलणी विचारली. सुमारे ६० टक्के म्हणाले, एकही नाही. आणि सांगितलेल्या एकूण खोट्यांपैकी निम्मी खोटी फक्त पाच टक्क्यांच्या आसपास लोकांच्या नावावर होती. (खोटेपणाबद्दलची पाहणी लोक खरं बोलतील या भरवशावर करायची, ही गंमत आहेच.) म्हणजे दिवसभर सगळ्यांवर संशय घेणारा माणूस बहुतेक वेळा चुकेल आणि वर मित्रही गमावेल.

विश्वास आणि तपासणी एकाच जागी बघायची असेल तर आपल्याकडचा बैलबाजार बघावा. उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणीची जोडी विकायला आणलेला माणूस गोड बोलतो, देवाची आण घेतो, ‘पोरासारखं सांभाळलंय’ म्हणतो. घेणारा मान डोलवतो, हो हो म्हणतो आणि बैलाचं तोंड उघडतो. गोवंशाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमच्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, मग पुढच्या जोड्या क्रमाने, आणि साडेचार-पाच वर्षांत आठही दात पुरे होतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला असे वयाचे टप्पे त्या जबड्यावर वाचता येतात. त्यानंतरचं वय दातांच्या झिजेवरून कळतं. मग खांदा बघायचा, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचं. भाव ठरतो तो उपरण्याखाली बोटं धरून, म्हणजे तिथेही चेहऱ्याचं काम नाही. विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बैलाचं वय ठरवणारा गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारापर्यंत टिकायचा नाही.

खऱ्या आयुष्यात खोटं पकडलं जातं ते असंच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुम्ही अलीकडे कुणाचं खोटं पकडलं ते कसं? बहुतेकांनी सांगितलं: तिसऱ्याकडून कळलं, वस्तू किंवा कागद सापडला, नाहीतर त्यानेच पुढे कबूल केलं. केवळ त्या क्षणीच्या हावभावांवरून किंवा बोलण्यावरून पकडल्याची उदाहरणं दोन टक्क्यांहून कमी होती. आणि बऱ्याचदा पकडायला दिवस लागले. गोल टेबलावर दिवस नसतात, हा त्या खेळातला खरा डाव आहे.

पुरावा हातात असला तरी तो कधी टाकायचा याचंही शास्त्र आहे. आपल्या भागात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाणं ही नित्याची कटकट. समजा शेजारच्या पोराची मोटरसायकल रात्री बांधावर उभी असलेली तुम्ही पाहिली. संताप आलेला माणूस पहिल्याच वाक्यात बोलून टाकतो, ‘तुझी गाडी बघितली मी तिथं!’ झालं. पोरगं लगेच म्हणणार, हां, पाणी प्यायला थांबलो होतो. पुरावा गेला वाया. त्याऐवजी चहा पाजून विचारा, ‘काल रात्री कुठं गेलतास रे?’ आणि गप्प राहा. निष्पाप असेल तर गाडी थांबवल्याचं तो बहुधा स्वतःहून सांगेल. चोर असेल तर बहुधा तो भाग गाळेल, किंवा घरीच होतो म्हणेल. आता गाडीचं काढा. स्वीडनमध्ये २००६ साली पोलीस प्रशिक्षणार्थींवर याचा प्रयोग झाला: पुरावा राखून ठेवून प्रश्न विचारायला शिकवलेल्यांचे निष्कर्ष ८५ टक्के वेळा बरोबर आले, न शिकवलेल्यांचे ५६ टक्के. खोटारडा ओळखायची दिव्य दृष्टी इथे कुणालाच मिळाली नव्हती, फक्त प्रश्नांचा क्रम बदलला होता.

आता भाचीच्या नऊ जणी. ‘माफिया’ हा खेळ मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री डेव्हिडॉफ या विद्यार्थ्याने १९८६ च्या सुमारास रचला, आणि ‘द ट्रेटर्स’ त्याचाच पडद्यावरचा अवतार. समजा नऊ जणींत एकच माफिया आहे आणि सगळ्या डोळे मिटून मत देतात. पहिल्या दिवशी माफिया वाचण्याची शक्यता ८/९. रात्री एक बळी गेला, राहिल्या सात: ६/७. मग पाच: ४/५. मग तीन: २/३. चारही अपूर्णांकांचा गुणाकार येतो ०.४१. एकटी माफिया शंभरात ४१ डाव जिंकणार. होस्टेलवर मात्र त्या माफिया दोन ठेवत होत्या. तोच हिशेब दोघींसाठी केला की माफियांच्या विजयाची शक्यता ७० टक्क्यांवर जाते. पोरींची पारख कच्ची नव्हती. चिठ्ठ्या टाकतानाच डाव कलला होता.

ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या गणितज्ञांनी २००८ साली याचा सर्वसाधारण नियम सिद्ध केला. तोल बरोबरीचा राहायला माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात लागते. खेळाडू शंभरपट झाले तर माफिया दहापट केले की पुरे. जमाव जितका मोठा, तितके टक्केवारीने कमी फितूर त्याला भारी पडतात. पण त्याच खेळात एक गुप्त पोलीस घाला, ज्याला दर रात्री एकाची खरी ओळख तपासता येते, आणि गणितच पालटतं. आता तोल राखायला खेळाडूंच्या शंभरपटीला माफियाही शंभरपटच लागतात. मोठ्या जमावात एका तपासणाऱ्याने हा फरक पडतो.

टेबलावरच्या चर्चेने उलट नुकसानही होतं. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ च्या प्रयोगात बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत होते, आणि डोळ्यांसमोरच्या रेघांची लांबी सांगतानाही माणसं साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे गेली. रेघेचं हे, तर माणसाच्या मनाचं काय.

म्हणून ‘डे मोल’ची प्रश्नपत्रिका मला जास्त शहाणी वाटते. तिथे प्रत्येकजण एकटा उत्तर देतो, वही ठेवतो, कोण कुठे होता ते टिपतो. मुरलेले खेळाडू सुरुवातीला सगळी उत्तरं एकाच संशयितावर लावत नाहीत. तिघा-चौघांत वाटतात आणि माहिती वाढेल तसं एकेकाला गाळत जातात. दुसऱ्यांना चकवायला निष्पापही मुद्दाम घोळ घालतात, तरी वहीतली उजळणी उपयोगी पडते. हिंदी ‘ट्रेटर्स’च्या पहिल्या पर्वातल्या दोन विजेत्यांपैकी निकिता लूथर व्यवसायाने पोकरपटू, म्हणजे अपुऱ्या माहितीवर किती लावायचं हा तिचा रोजचा धंदा, याचं मला नवल वाटलं नाही.

भाचीला मी सुचवलं की माफिया एकच ठेवा, आणि मत देण्याआधी प्रत्येकीने वहीत शंभर गुण बाकी पोरींत वाटायचे. शेवटी ब्रायर गुणांकन. हवामानाचे अंदाज किती खरे ठरतात हे मोजायला ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० साली ते सुचवलं होतं. गुणांना शंभराने भागायचं, खऱ्या माफियासाठी १ आणि बाकीच्यांसाठी ० हे बरोबर उत्तर धरून प्रत्येक आकड्याची चूक काढायची, तिचा वर्ग करायचा, बेरीज करायची. जिची बेरीज कमी ती जिंकली. जिने ९० गुण भलत्याच पोरीवर आणि १० खऱ्या माफियावर लावले, तिची बेरीज १.६२. जिने खऱ्या माफियावर ४० आणि दुसऱ्या दोघींवर तीस-तीस लावले, तिची ०.५४. छातीठोकपणे चुकणं महाग पडतं.

तिने क्षणभर विचार करून विचारलं, ‘पण मामा, माफियाला बी गुण वाटावेच लागतील की. ती तर मुद्दाम खोटे वाटंल.’ वाटेल. तिची बेरीज धरायची नाही. पण दर फेरीला तिने कुणावर किती टाकले ते वहीत लिहिलेलं राहतं, आणि चार फेऱ्यांनंतर ते आकडे शेजारी शेजारी मांडून बघता येतात.