भाजक चुकला की पडझड कमी दिसते

वॉर्डात रुग्ण पडला की सिस्टर आधी त्याला सावरते, डॉक्टरांना बोलावते, नातेवाइकांशी बोलते. इन्सिडेंट फॉर्म हातात येतो तो ड्यूटी संपताना. फॉर्म चार पानांचा असेल तर तो उद्यावर जातो आणि राहूनच जातो. म्हणून एकच पान ठेवा: कुठे, केव्हा, काय झालं, लगेच काय केलं. नाव लिहायची सक्ती नको. बाकीची माहिती क्वालिटी विभागाच्या लिपिकाने 24 तासांत वॉर्डात जाऊन घ्यावी.

रुग्णालयात असा लिपिक हवाच. सरकारी रुग्णालयांसाठीची 2013 ची राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं असोत की खासगीतलं एनएबीएच (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ), दोन्हीकडे नोंदी मागतात, आणि त्या सांभाळायचं काम बहुतेक वेळा नर्सिंगवरच येतं.

महिन्यात 3 रुग्ण पडले, एवढ्यावरून काही कळत नाही. त्याला रुग्णदिवसांनी भागावं लागतं. रोज रात्री 12 वाजता 70 रुग्ण असतील तर 30 दिवसांचे 2,100 रुग्णदिवस. म्हणजे दर हजार रुग्णदिवसांमागे 1.43 रुग्ण पडले. घोळ होतो तो इथेच. आयसीयू रात्री 12 ला मोजतं, वॉर्ड सकाळी 8 ला. मधल्या वेळेत आयसीयूतून वॉर्डात आलेला रुग्ण दोन्हीकडे धरला जातो. भाजक फुगतो, दर उतरतो आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. पडताळा सोपा आहे: कालचे रुग्ण अधिक आजची भरती, वजा सुट्टी, मृत्यू आणि सल्ल्याविरुद्ध गेलेले. ही बेरीज मोजणीशी जुळली नाही तर त्याच दिवशी शोध घ्या. महिनाअखेरीस कोणाला काही आठवत नाही.

फॉर्मांचा आणखी एक घोळ भाषेचा. नागपुरात गडचिरोलीचे रुग्ण येतात तसे मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटचेही. त्यामुळे संमतिपत्र मराठी-हिंदी दोन्हींत लागतं. मराठीत दुरुस्ती होते, हिंदीचा जुना गठ्ठा कपाटात तसाच राहतो. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी आवृत्ती क्रमांक छापावा आणि नवा देताना जुना मोजून परत घ्यावा.

अशा घटनांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या मिनिट्समध्ये (बैठकीच्या नोंदीत) ‘काळजी घ्यावी’ असं लिहिलं तर पुढे काहीच होत नाही. ‘बाथरूममध्ये आधाराचा दांडा, देखभाल विभाग, 20 तारखेपर्यंत’ असं लिहावं. आणि 21 तारखेला लिपिकाने तो दांडा हाताने ओढून पाहिल्याशिवाय ती नोंद बंद करू नये.