पाचच निकाल: जुन्या डेस्कटॉपवर घडणाऱ्या गूढ खेळांची पार्श्वभूमी

संगणकाचा पडदा हेच घटनास्थळ मानणाऱ्या खेळांची परंपरा साधारणपणे 1985 सालच्या ‘हॅकर’पर्यंत मागे नेली जाते. त्यात लॉगऑनची एक ओळ समोर येई आणि पुढे काय टाइप करायचे ते ज्याचे त्याने शोधायचे असे. मात्र तो खेळ त्याच्या स्वतःच्याच काळातल्या यंत्रावर चालत होता. जुनेपण मुद्दाम पांघरण्याची पद्धत बरीच नंतरची. 2010 साली विनामूल्य उपलब्ध झालेल्या ‘डिजिटल: अ लव्ह स्टोरी’ची कथा 1988 मध्ये घडते, आणि तिथे बुलेटिन बोर्डाशी, म्हणजे फोनच्या तारेवरून संदेश ठेवण्या-वाचण्याच्या त्या काळच्या संगणकव्यवस्थेशी, जोडून घेण्यासाठी दूरध्वनी क्रमांक स्वतः टाइप करून मोडेमचा खरखराट ऐकत थांबावे लागते. आपण पाठवलेला मजकूर खेळात कधीच दिसत नाही. आपण काय लिहिले असेल हे समोरच्याच्या उत्तरावरून ओळखायचे.

जून 2015 मध्ये आलेल्या ‘हर स्टोरी’ने या प्रकाराला आजचा आकार दिला. पोलीस ठाण्यातल्या एका जुन्या संगणकावर, 1994 साली एका स्त्रीच्या झालेल्या सात चौकश्यांच्या 271 चित्रफिती विखुरलेल्या आहेत. तिचा नवरा बेपत्ता झाल्यापासून हे प्रकरण सुरू होते. फुगीर काचेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडलेले असते, शोधपेटीत ‘मर्डर’ हा शब्द कोणीतरी आधीच टाइप करून ठेवलेला असतो आणि तिथून पुढचा प्रत्येक शब्द खेळाडूने स्वतः सुचवायचा असतो. विचारणाऱ्याचे प्रश्न कुठेही ऐकू येत नाहीत. शोध लागतो तो फक्त तिच्या तोंडून निघालेल्या शब्दांचा, त्यामुळे तिने नेमका कोणता शब्द वापरला असेल हा अंदाज बांधणे हेच इथले कोडे.

या खेळातला सर्वाधिक वादग्रस्त निर्णय एका ओळीत सांगता येतो: एखादा शब्द कितीही चित्रफितींमध्ये आला असला, तरी त्यांपैकी कालक्रमाने पहिल्या पाचच उघडता येतात. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की नोंदी शोधण्यासाठी बनवलेली कोणतीही व्यवस्था सापडलेल्या नोंदी अशी दडवून ठेवणार नाही. ही मर्यादा यंत्राची नसून लेखकाची आहे. आक्षेप चुकीचा नाही, पण मर्यादा नेमकी काय साधते हे त्यात सुटून जाते. नेहमीचे शब्द सुरुवातीच्या चौकश्यांमध्येच भरपूर सापडतात, त्यामुळे पाचही जागा त्या आधीच्या, सावध जबान्यांनीच भरून जातात. नंतरच्या जबान्यांपर्यंत पोहोचायचे तर तिथेच उच्चारलेला एखादा विरळ शब्द, एखादे नाव किंवा वस्तू, आधीच्या फितींमधून हेरावी लागते. कुलूप लावलेले कुठेच दिसत नाही, तरीही शेवटचा भाग पहिल्या पाच मिनिटांत सहसा कोणाच्या हाती लागत नाही.

यंत्र जुनाट असल्यामुळेच खेळाडूंनी हा नियम फारशी कुरकूर न करता पचवला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुरावा त्याच निर्मात्याच्या पुढच्या खेळात मिळतो. 2019 सालच्या ‘टेलिंग लाइज’मध्ये शोधाचे पाचच निकाल दाखवण्याचा तोच नियम आधुनिक लॅपटॉपवर ठेवला गेला आणि तिथे तो खटकू लागला, कारण आजच्या यंत्राने सगळे निकाल दाखवावेत ही अपेक्षा प्रत्येकाच्या हाताला जडलेली आहे. जुन्या पडद्याला केवळ स्मरणरंजन म्हणून हिणवणाऱ्यांनी ही तुलना लक्षात घ्यावी.

त्याच वर्षी आलेल्या ‘हिप्नोस्पेस आउटलॉ’ने 1999 सालचे एक कल्पित इंटरनेट उभे केले आणि खेळाडूला तिथल्या भडक, ओबडधोबड वैयक्तिक पानांवर नियमभंग शोधणारा पहारेकरी बनवले. पुढे ‘द रूटट्रीज आर डेड’ने 1998 सालच्या शोधयंत्रावर एका धनाढ्य कुटुंबाची वंशावळ जुळवण्याचे काम दिले. 2023 साली विनामूल्य आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतील छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. 2025 च्या विक्रीच्या आवृत्तीत त्यांच्या जागी चित्रकाराने काढलेली चित्रे आली.

पडताळणीच्या बाबतीत मात्र हा खेळ ‘हर स्टोरी’पासून पूर्ण फुटून निघाला. तिथे शेवटी गप्पांची एक खिडकी उघडून प्रकरण समजले का एवढेच विचारते, आणि होकार दिला की खेळ संपतो. उत्तर तपासले जात नाही. ‘रूटट्रीज’ने 2018 सालच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ची रीत स्वीकारली: तीन नोंदी एकाच वेळी बरोबर असतील तेव्हाच त्या पक्क्या होतात. एकेक नाव बदलून पाहण्याची सवय त्यामुळे मोडते; पण दोन नोंदींची खात्री असलेला खेळाडू तिसरी अंदाजाने फिरवत बसू शकतो, ही पळवाट दोन्ही खेळांत उघडीच आहे.